अमेरिकेतल्या मालगाड्यांवर सेवाज्येष्ठतेनुसार काम कसे मिळते? भावाला ‘बंप’ केले म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न: तापीकाठची

नमस्कार. माझा धाकटा भाऊ लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झाला आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या मध्य-पश्चिम भागातील एका मालवाहू रेल्वे कंपनीत कंडक्टर म्हणून रुजू झाला. इथे कंडक्टर म्हणजे तिकिटे फाडणारा नव्हे, तर इंजिनात चालकाशेजारी बसणारा, डबे जोडणारा-सोडणारा आणि गाडीच्या कागदपत्रांची जबाबदारी सांभाळणारा माणूस, हे आमच्या आईला पटवण्यात सहा महिने गेले, कारण शेजारपाजारचे लोक तिला ‘कोणत्या डेपोत आहे?’ असे विचारत. मी स्वतः भुसावळला क्रू लॉबीत कारकुनी काम करते, त्यामुळे लिंक, स्पेअर, साइन ऑन, रनिंग रूम हे शब्द दिवसभर कानांवर पडत असतात; तरीही भाऊ फोनवर जे सांगतो त्याची संगती मला लागत नाही.

गेल्या महिन्यापर्यंत त्याच्याकडे यार्डातली दुपारी साडेतीनची पाळी होती. सुट्या मंगळवार-बुधवारी असल्या तरी ठरलेल्या होत्या आणि मुलीला सकाळी शाळेत सोडणे त्याला जमत होते. एका रात्री काम संपवून घरी आल्यावर त्याला निरोप मिळाला, की एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने त्याला ‘बंप’ केले असून त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत दुसरे काम निवडावे. त्याच्याकडून चूक झालेली नव्हती, कोणाची तक्रार नव्हती आणि यार्डातली एकही पाळी बंद झालेली नव्हती. आता तो ‘एक्स्ट्रा बोर्डा’वर आहे, म्हणजे फोन कधीही येतो आणि त्याला निघावे लागते. आईने तर मुलाची पदावनती झाली असे मनाशी पक्के करून टाकले आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा जो माणूस त्याच्या जागेवर आला तो आला कुठून? तीन वर्षे नोंद स्वच्छ ठेवून काम केल्याचा काहीच उपयोग कसा होत नाही? आणि भावाला पुन्हा ठरलेल्या वेळेचे काम मिळण्याची शक्यता साधारण कशावर अवलंबून असते? या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले कोणी इथे असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: गव्हाच्या_रानातला

ताई, आधी आईंना सांगा की त्यांच्या मुलाची पदावनती झालेली नाही. मी अमेरिकेत मालगाडीवर एकोणीस वर्षे काढली आहेत. पहिली सात कंडक्टर म्हणून आणि नंतरची बारा इंजिनियर म्हणून. (इथे इंजिन चालवणाऱ्यालाच इंजिनियर म्हणतात. आमच्या गावाकडच्या मंडळींचा गोंधळ त्यामुळे तुमच्या आईंच्या नेमका उलट झाला होता, आणि खरे सांगायचे तर तो दूर करण्याची घाई मी केली नाही.) या काळात मला कितीदा बंप केले गेले याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला आहे, आणि मीही अनेकांना उठवले आहे.

बंप या शब्दाला मराठीत ‘खो’ हा अगदी चपखल शब्द आहे. रांगेत बसलेल्या गड्याला मागून खो मिळाला की तो उठतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. उठलेला गडी बाद झालेला नसतो. त्याला पुढे कोणाला तरी खो द्यायचा असतो. रेल्वेतला नियम एवढाच वेगळा, की इथे आपल्यापेक्षा नंतर लागलेल्यालाच खो देता येतो. त्यामुळे वर कुठेतरी एक जागा हलली की त्याचा धक्का एकेक पायरी उतरत खाली जातो आणि शेवटी यादीच्या तळाशी असलेल्या माणसावर येऊन थांबतो. त्याला उठवायला कोणी उरलेले नसते. तो एक्स्ट्रा बोर्डावर जातो, आणि तिथेही जागा नसेल तर कंपनी त्याला घरी बसवते. याला इथे ‘फर्लो’ म्हणतात. घरी बसलेल्याची तारीख मात्र शाबूत राहते आणि माणसे पुन्हा लागली की तारखेच्या क्रमानेच बोलावणे येते. अर्थात ठरलेल्या मुदतीत हजर झाले नाही तर तीही जाते.

सगळा खेळ या तारखेचा आहे. प्रत्येक ज्येष्ठता-विभागाची (म्हणजे एकच यादी लागू असलेल्या प्रदेशाची) एक यादी असते आणि तीत तुमचे नाव ज्या तारखेला चढले ती तारीख तुमची कायमची मिळकत असते. एकाच दिवशी दहा जण लागले तर त्यांच्यातला क्रम कुठे वयावरून तर कुठे चिठ्ठ्या टाकून ठरतो. कामगार संघटना आणि कंपनी यांच्या करारात जे लिहिले असेल ते. माझ्या तुकडीत माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा असलेला एक जण माझ्या एक नंबर वर आहे. गेली एकोणीस वर्षे हवी ती सुटी त्याला आधी मिळते आणि उरलेली मला. कोण किती चांगले काम करतो हे या यादीत कुठेही लिहिलेले नसते. त्या कामाची पात्रता आणि त्या मार्गाची ओळख असली पाहिजे, एवढीच अट. म्हणून ‘तीन वर्षे स्वच्छ नोंद’ याचा उपयोग नोकरी टिकवण्यासाठी होतो, जागा मिळवण्यासाठी होत नाही.

आता तो माणूस आला कुठून ते सांगतो. यार्डातली पाळी बंद झाली नव्हती असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून माझा अंदाज असा, की तो कंडक्टरांमधून आलाच नसावा. १९८५ च्या राष्ट्रीय करारानंतर लागलेल्या कंडक्टरांना पुढे इंजिनियरचे प्रशिक्षण घेणे भाग असते. पण इंजिनियर झाल्यावर कंडक्टरांच्या यादीतले नाव खोडले जात नाही. म्हणजे आमच्यासारख्यांची नावे दोन याद्यांत, दोन वेगळ्या तारखांनी असतात. वाहतूक घटली, इंजिनियर जास्त झाले, की त्या यादीतले तळाचे इंजिनियर परत कंडक्टरांच्या यादीत उतरतात. तिथे त्यांची तारीख दहा-पंधरा वर्षे जुनी असते, म्हणून इंजिनियरांमध्ये कनिष्ठ ठरलेला माणूस कंडक्टरांमध्ये येताच बडा होऊन बसतो आणि कोणती पाळी घ्यायची ते सावकाश निवडतो. एका मंदीत मी स्वतः असाच खाली उतरलो होतो आणि एका दोन मुलांच्या बापाची सकाळची पाळी घेतली होती. तो पुढे दोन महिने माझ्याशी बोलला नाही. नंतर त्यानेही कोणाला तरी उठवले आणि बोलू लागला.

कामांचे प्रकार समजले की भावाचे आयुष्य तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहील. पहिला प्रकार ठरलेल्या वेळेच्या कामांचा: यार्डातल्या पाळ्या आणि सकाळी निघून आसपासच्या गोदामांचे, धान्याच्या कोठारांचे डबे पोहोचवून संध्याकाळी परतणाऱ्या गाड्या. दुसरा प्रकार ‘पूल’चा. लांब पल्ल्याच्या मालगाड्यांसाठी वीस-पंचवीस जणांचा एक गट असतो. जो आधी घरी परतला तो आधी पुन्हा निघतो. गंमत अशी, की पूलमध्ये शिरण्यासाठी ज्येष्ठता लागते, पण आत गेल्यावर तीस वर्षांचा आणि तीन वर्षांचा एकाच रांगेत उभे असतात. तिसरा प्रकार एक्स्ट्रा बोर्ड: कोणी आजारी पडला, रजेवर गेला, जादा गाडी निघाली, की या बोर्डावरचा सर्वांत वरचा माणूस बोलावला जातो. बोलावणे सहसा दीड-दोन तास आधी येते.

नवी जागा निघाली की तिची सूचना लागते, अर्ज येतात, आणि अर्जदारांतल्या सर्वांत ज्येष्ठाला ती मिळते. कोणीच अर्ज केला नाही तर सर्वांत कनिष्ठाच्या गळ्यात ती सक्तीने घातली जाते. लोक काय निवडतात यावर मात्र बाहेरच्यांचा सहसा विश्वास बसत नाही. पूलमध्ये पैसे जास्त, कारण तिथला पगार मैलांवर असतो. एकेकाळी शंभर मैल म्हणजे एक दिवसाचा रोज धरत, आता एकशे तीस मैल धरतात, आणि लांबच्या मार्गावर एका फेरीत दोन रोजांच्या आसपास मिळकत होते. तरीही आमच्याकडची कितीतरी जुनी मंडळी कमी पैशांची, पण सकाळी सातची आणि शनिवार-रविवार सुटीची यार्डातली पाळी धरून बसलेली आहेत. मुले लहान असताना ज्याची खरी गरज असते ती पाळी मुले मोठी होऊन घर सोडून गेल्यावर हाती येते. आमच्या बोलीत ज्येष्ठतेला ‘गालमिशा’ म्हणतात. ‘त्या पाळीला तुझ्या गालमिशा पुरणार नाहीत’ असे नव्या पोरांना सांगतात.

भावाच्या बाबतीत एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडणारी आहे. तो लागण्याआधीच्या सहा वर्षांत मोठ्या रेल्वे कंपन्यांनी मिळून सुमारे पंचेचाळीस हजार माणसे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २९ टक्के, कमी केली होती. २०२२ साली इथल्या भू-वाहतूक मंडळाच्या अध्यक्षांनीच हा आकडा मांडला होता. त्या काळात भरती जवळपास थांबल्यामुळे अनेक याद्यांमध्ये मधली काही वर्षे रिकामी आहेत. भावाच्या वरची मंडळी त्याच्याहून जरा ज्येष्ठ नसून बरीच ज्येष्ठ असण्याची शक्यता आहे, आणि तीस वर्षे सेवा झालेल्याला साठाव्या वर्षी पूर्ण निवृत्तिवेतन मिळते. त्याने यादी घेऊन आपल्या वरच्या नावांपुढच्या तारखा पाहाव्यात. वरून किती जण लवकर जाणार आहेत हे त्याला त्या एका कागदावर दिसेल.

उत्तर: लिंक_नंबर_सात

मी मध्य रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. वरचे उत्तर वाचून मन अस्वस्थ झाले. एका माणसाचे काम चालू असताना, ते नीट चालले असताना, केवळ दुसऱ्याला ते आवडले म्हणून त्याला उठवायचे, ही रीत मला पटत नाही.

ज्येष्ठतेला आपल्याकडेही महत्त्व आहे, पण तिची दिशा वेगळी आहे. सहाय्यक लोको पायलट, मग शंटिंग (यार्डात डबे हलवणे), मग मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल-एक्स्प्रेस अशी ती वर नेणारी शिडी असते. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव १९८९ साली सहाय्यक चालक झाल्या, १९९६ मध्ये मालगाडीच्या चालक झाल्या आणि डेक्कन क्वीन त्यांनी मार्च २०११ मध्ये चालवली. या तारखांवरून एकेका पायरीला किती काळ लागतो ते दिसते. पण एकदा तुम्ही मेलच्या लिंकमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ठरलेल्या फेरपाळीत, आलात, की लिंकमधल्या सगळ्या गाड्या क्रमाने सगळ्यांच्या वाट्याला येतात. रात्री अडीचची गाडी आज माझी तर पुढच्या आठवड्यात तुमची. वाईट वेळा सगळ्यांनी वाटून घ्यायच्या, ही आपली पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते. तिकडे वाईट वेळा कायम पोरासोरांच्याच वाट्याला.

उत्तर: गव्हाच्या_रानातला

काका, तुमचे म्हणणे मी खोडून काढणार नाही, कारण रात्रीच्या कामाचा भार वाटून घेण्याच्या बाबतीत लिंकची पद्धत नक्कीच न्याय्य आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. आमच्याकडे साहेबाची मर्जी नावाची गोष्ट कामाच्या वाटपात जवळपास चालत नाही. कोणी साहेबाला दिवाळीची मिठाई पोहोचवली (इथे नाताळची) म्हणून त्याला सकाळची पाळी मिळत नाही, आणि सुरक्षेबद्दल कटकट करणाऱ्याची पाळी कोणी काढून घेऊ शकत नाही. एकदा एका पर्यवेक्षकाने आपल्या ओळखीच्या माणसाला ज्येष्ठाच्या आधी बोलावले, तेव्हा डावलल्या गेलेल्याने संघटनेमार्फत दावा केला आणि घरी बसून त्या फेरीचा पूर्ण रोज मिळवला. चुकीच्या माणसाला बोलावले तर कंपनीला दोघांचे पैसे भरावे लागतात, हा धाक बऱ्याच गोष्टी सरळ ठेवतो.

शिवाय ‘केवळ आवडले म्हणून’ कोणाला उठवता येत नाही. स्वतःची जागा गेली असेल, कोणी आपल्याला उठवले असेल, किंवा करारात सांगितलेला एखादा प्रसंग आला असेल तरच खो देता येतो. बसल्या जागेचा कंटाळा आला तर रिकाम्या जागेची सूचना लागण्याची वाट पाहावी लागते.

उत्तर: जुने_निवाडे

मी कामगार कायदा शिकवतो आणि या विषयात मला एका जुन्या खटल्यामुळे रस आहे. ज्येष्ठतेची यादी व्यक्ती पाहत नाही, हे वरच्या उत्तरातले म्हणणे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु यादी कोणी केली आणि तिचे नियम कोणी कोणाच्या वतीने ठरवले, यावर ते खरेपण टिकून असते.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेवर बेस्टर विल्यम स्टील हे कृष्णवर्णीय फायरमन (इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे) होते. प्रवासी गाड्यांच्या ज्या पूलमध्ये ते काम करत त्यात पाच कृष्णवर्णीय आणि एक गोरा असे सहा फायरमन होते. पगार, कामाचे तास अशा सर्वच दृष्टींनी ही जागा चांगली होती. १९४१ च्या एप्रिलमध्ये त्या पूलचे मैल कमी झाले, तेव्हा सगळ्या जागा रिकाम्या झाल्याचे जाहीर करण्यात आले. खो-खोच्या नियमाने पाहिले तर इथे सर्वांत कनिष्ठ माणसाने उठायला हवे होते. प्रत्यक्षात पाचही कृष्णवर्णीयांना अपात्र ठरवून त्यांच्या जागी चार गोरे फायरमन आणले गेले, आणि ते चौघेही स्टील यांच्याहून कनिष्ठ होते. स्टील सोळा दिवस बिनकामाचे राहिले, मग त्यांना अधिक कष्टाची आणि कमी पगाराची स्थानिक मालगाडी मिळाली, आणि तिथूनही एका कनिष्ठ गोऱ्या सभासदाने उठवल्यावर यार्डातल्या शंटिंगच्या इंजिनावर जावे लागले.

हे घडले कसे? १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्यानुसार एका प्रकारच्या कामातल्या बहुसंख्य कामगारांनी निवडलेली संघटना त्या कामातल्या सर्वांच्या वतीने करार करते. फायरमनांच्या संघटनेत कृष्णवर्णीयांना सभासदत्व नव्हते, तरी त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिलाच होता. तिने १९४१ च्या फेब्रुवारीत दक्षिण-पूर्वेकडील रेल्वे कंपन्यांशी करार करून प्रत्येक ज्येष्ठता-विभागातल्या प्रत्येक प्रकारच्या कामात कृष्णवर्णीय फायरमनांचे प्रमाण निम्म्यावर आणून ठेवले. कोळसा फावड्याने लोटण्याचे दिवस सरून डिझेल इंजिने येऊ लागली होती आणि एकेकाळी गोऱ्यांना नको असलेले काम हवेसे होत होते, हेही इथे लक्षात घ्यावे.

स्टील न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी युक्तिवाद केला आणि १८ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याने ज्या संघटनेला सर्वांच्या वतीने करार करण्याचा अधिकार दिला आहे, तिने त्या सर्वांचे, सभासद नसलेल्यांचेही, भेदभाव न करता प्रतिनिधित्व केले पाहिजे. तिथल्या कामगार कायद्यातले ‘न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य’ हे तत्त्व या निकालापासून रूढ झाले. संघटनेचे सभासदत्व मात्र त्या निकालाने कृष्णवर्णीयांना मिळवून दिले नाही. सभासद कोणाला करायचे हा प्रश्न न्यायालयाने संघटनेवरच सोडला होता.

यादीचा असाच प्रश्न कंपन्यांच्या विलीनीकरणातही येतो, अर्थात कमी कडवटपणाने. १९९५ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न आणि सांता फे, १९९६ मध्ये युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक एकत्र आल्या, तेव्हा दोन याद्यांची एक करावी लागली. तारखांप्रमाणे दोन्ही याद्या एकमेकींत गुंफायच्या, की जुन्या कंपनीच्या कामावर तिच्याच माणसांचा पहिला हक्क राखायचा, यावर बराच खल होतो, कारण एका रात्रीत एखादा माणूस चाळिसाव्या क्रमांकावरून नव्वदाव्यावर जाऊ शकतो.

पुढचा प्रश्न: तापीकाठची

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी बोलले, अंदाज अगदी बरोबर निघाला. त्याच्या जागेवर आलेला माणूस इंजिनियरांच्या यादीतून खाली उतरलेलाच होता आणि त्याची कंडक्टर म्हणूनची तारीख २००६ ची आहे.

आता दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. त्याची पत्नी ज्या शहरात नोकरीसाठी जाऊ इच्छिते, तिथे त्याच कंपनीचे मोठे ठाणे आहे. तिथे बदली घेतली तर त्याची तीन वर्षे बरोबर जातील का? आपल्याकडे स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या मंडळात बदली घेतली की यादीत तळाला बसावे लागते, म्हणून विचारते. दुसरे म्हणजे, पुढच्या वर्षी त्याला इंजिनियरच्या प्रशिक्षणासाठी बोलावणे येईल असे दिसते. मुलगी लहान आहे, म्हणून ते पुढे ढकलावे असे त्याच्या मनात आहे.

उत्तर: गव्हाच्या_रानातला

ताई, बदलीच्या बाबतीत तुमची शंका बरोबर आहे. त्याने पहिला प्रश्न हा विचारावा, की ते शहर त्याच्याच ज्येष्ठता-विभागात येते का. येत असेल तर तो आज, याच तारखेसह, तिथल्या जागेसाठी अर्ज करू शकतो. विभाग वेगळा असेल तर, कंपनी तीच आणि टोपी तीच असली तरी, कामाच्या निवडीपुरता तो तिथे नवा माणूस ठरेल आणि गेल्या आठवड्यात लागलेला पोरगा त्याच्या वर असेल. वार्षिक रजा किती दिवसांची हे कंपनीतल्या एकूण सेवेवर ठरते, ती कमी होणार नाही. पण ती रजा कोणत्या आठवड्यात घ्यायची हे तिथल्या यादीवर ठरते, त्यामुळे नव्या ठिकाणी सुटी फेब्रुवारीत मिळेल असे गृहीत धरावे. उन्हाळा आणि नाताळ जुन्यांचे असतात. तीन वर्षे सोडायला सोपी असतात, दहा वर्षे नसतात; म्हणून जायचेच असेल तर आत्ताच जावे, ‘थोडी ज्येष्ठता झाली की पाहू’ असे म्हणू नये. ज्येष्ठता झाल्यावर पाऊल उचलवत नाही. माझ्या ओळखीचे दोघे याच कारणाने, मनात नसताना, ज्या गावी लागले त्याच गावी म्हातारे झाले.

प्रशिक्षणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: टाळू नये. मुळात नकार देण्याची मुभा फारशी नसते, आणि जिथे ती मिळते तिथे आपल्या वेळी न गेलेला माणूस इंजिनियरांच्या यादीत सहसा आपल्या मागून आलेल्यांच्याही मागे जातो. एकदा गेलेला क्रम परत मिळत नाही. प्रशिक्षणाचे महिने अवघड असतात, हे खरे. पण ते झाल्यावर त्याची नावे दोन याद्यांत असतील आणि पुढच्या मंदीत वरून खाली उतरणाऱ्यांमध्ये तोही असेल.

तोवर एक्स्ट्रा बोर्डाला घाबरू नये. पूर्वी मी फोनशेजारी बसून राहत असे; आता बोर्डावरचे क्रमांक मोबाइलवर दिसतात. आपल्या पुढे चार जण आहेत आणि पुढच्या आठ तासांत किती गाड्या निघणार आहेत एवढे पाहिले तर बोलावण्याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. अंदाज चुकतोच, कारण पुढच्या चौघांपैकी दोघांनी आजारपण कळवले की तुमचा नंबर लागलीच वर येतो. तरी दुपारी झोपायचे की रात्री, हे ठरवता येते. कायद्याने बारा तासांच्या वर कामावर ठेवता येत नाही आणि काम संपल्यावर सलग दहा तासांची अशी विश्रांती द्यावी लागते, की ज्यात कंपनीने फोनही करायचा नाही. एक मेख मात्र आहे: बारा तास माळरानावर कुठेतरी संपले तर न्यायला येणाऱ्या गाडीची वाट पाहण्याचा आणि प्रवासाचा वेळ कामातही धरत नाहीत, विश्रांतीतही धरत नाहीत. ते दोन-तीन तास त्रिशंकूसारखे लटकत असतात. मुलीच्या शाळेचा कार्यक्रम असेल त्या दिवशीच्या हिशेबात हे तास त्याने आवर्जून धरावेत.

आणि सूचनाफलक रोज पाहत राहावा. रात्री अकराची यार्डातली पाळी कोणालाच नको असते, त्यामुळे ती अनेकदा तीन-चार वर्षांच्या माणसालाही मिळून जाते. रात्रीचे जागरण आहे, पण वेळ ठरलेली आहे, आणि सकाळी सातला सुटून मुलीला शाळेत सोडता येते.

तापीकाठची

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. विभाग वेगळा निघाला, म्हणून बदलीचा निर्णय दोघांनी मिळून मुलीच्या शाळेचे वर्ष संपेपर्यंत थांबवला आहे. प्रशिक्षणाला तो जाणार आहे. गेल्या आठवड्यात रात्री अकराची पाळी मात्र त्याला मिळाली, पण अर्ज करून नव्हे. तो ज्या एक्स्ट्रा बोर्डावर होता त्यातल्या दोन जागा कमी केल्या, तो खाली पडला, आणि त्याने त्याच्यानंतर आठ महिन्यांनी लागलेल्या एकाला उठवून ती घेतली.

आईला मी खो-खोचे उदाहरण देऊन सगळे समजावले. शाळेत असताना ती जिल्हा पातळीवर खेळलेली आहे, त्यामुळे तिला ते लगेच उमगले. भावाला पुन्हा ठरलेल्या वेळेचे काम मिळाले हे सांगितल्यावर ती क्षणभर थांबली आणि तिने विचारले, ‘मग आता उठला कोण? त्याला लेकरंबाळं आहेत का?’ मी भावाला विचारून सांगते म्हटले आहे.